निकालासमोर ‘राखीव’

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो तेव्हा वर्गातल्या दोघा-तिघांच्या नावापुढे गुण दिसत नाहीत, ‘राखीव’ एवढाच शब्द दिसतो. पेपर बरे गेलेले असतात, फी भरलेली असते, हॉल तिकीटसुद्धा मिळालेलं असतं. मग परीक्षा विभागाच्या खिडकीवर कळतं की मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) जमा नाही, म्हणून पात्रता (नव्या विद्यापीठाने प्रवेश पक्का धरणं) निघालेली नाही, म्हणून निकाल अडकलाय. चूक जुलैतली, भरपाई फेब्रुवारीत. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी विद्यापीठात एमए-एमएस्सीचं पहिलं वर्ष काढताना आम्ही सगळ्यांनी अभ्यासक्रमाबाहेरचा हा एक विषय शिकून घेतला: कुठला कागद कुठल्या कागदाच्या पोटात आहे. जे जुलैत समजायला हवं होतं ते इथे लिहून ठेवतोय.

मुंबई-पुण्यात एखादा दाखला राहिला तर लोकलने जाऊन आणता येतो. धाराशिव, लातूरच्या उपपरिसरात, गडचिरोलीत किंवा लोणेऱ्यासारख्या ठिकाणी शिकणाऱ्याचं तसं नसतं. उपपरिसरात असाल तर परीक्षेचा मुख्य कारभार दुसऱ्या जिल्ह्यात; धाराशिवहून छत्रपती संभाजीनगर दोनशे किलोमीटरच्या पुढे. एका सहीसाठी जाऊन यायचं म्हणजे पूर्ण दिवस, एसटीचं तिकीट, आणि साहेब रजेवर असले तर पुन्हा तेच. त्यामुळे कागद कधी काढायचा याला इथे पैशाइतकीच किंमत आहे.

मायग्रेशनपासून सुरू करू. बीए-बीएस्सी ज्या विद्यापीठाची, त्याच विद्यापीठात पुढे शिकत असाल तर ते लागत नाही, नुसती टीसी चालते. विद्यापीठ बदललं की लागतंच. ते जुनं विद्यापीठ देतं. कॉलेज देतं ती टीसी. या दोन्हीत गल्लत करून ‘माझं लिव्हिंग तर दिलंय की’ म्हणणारे दरवर्षी निघतात. मायग्रेशनच्या अर्जाला शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि टीसीची झेरॉक्स लागते, म्हणून क्रम असा: गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन. प्रवेशाच्या वेळी मूळ टीसी नव्या विभागात जमा होते, तेव्हा देण्याआधी तिच्या चार झेरॉक्स मारून ठेवा. नाहीतर मायग्रेशनसाठी टीसीची प्रत मागितली की ती नव्या विभागाच्या फायलीतून काढायला अर्ज करावा लागतो. प्रवेश देताना ‘मायग्रेशन नंतर आणून द्या’ म्हणून हमीपत्र घेतात. हे ‘नंतर’ म्हणजे नेमकी कुठली तारीख, ते त्याच दिवशी विचारून घ्यावं. हमीपत्रावर प्रवेश होतो, परीक्षाही देता येते. निकाल मात्र होत नाही.

पात्रता निघाली की कायम नोंदणी क्रमांक पक्का होतो, त्याला सगळे पीआरएन म्हणतात. बऱ्याच विद्यापीठांत तो 16 अंकी असतो आणि पहिले 4 अंक प्रवेशाच्या वर्षाचे. तो पाठ करा. खिडकीवर नाव सांगून काही सापडत नाही.

नावाचंही एक प्रकरण आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा उलटा क्रम, आणि वडिलांच्या नावाला ‘राव’ कधी आहे, कधी नाही. क्रमामुळे फारसं अडत नाही, स्पेलिंगमुळे अडतं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (अभ्यासक्रमाचे क्रेडिट जिथे जमा होतात ते ऑनलाइन खातं) 12 अंकी आयडी डिजिलॉकरमधून काढायचा असतो. तो आधारवरचं नाव उचलतो आणि विद्यापीठाकडचं नाव दहावीवरून आलेलं असतं. दोन्ही जुळले नाहीत तर क्रेडिट खात्यावर चढत नाहीत. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ते काम उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकावं. दुसरी गोष्ट देवनागरी नावाची. परीक्षेच्या फॉर्मवर मराठी नाव टाकायची चौकट असते आणि पदवी प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे या आडनावांच्या लोकांनी प्रिंट काढून ‘ऱ्ह’ डोळ्यांनी बघायचा. जुन्या फाँटमध्ये टाइप करून चिकटवलं तर तो तुटून ‘कुर हाडे’ होतो, किंवा ‘र’वर नुसता पाय मोडलेला राहतो. फॉर्म भरताना दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. पदवी छापून झाल्यावर त्यासाठी अर्ज, शुल्क आणि पुराव्याच्या झेरॉक्स.

उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडल्यावरच काढावा. एका वर्षाच्या दाखल्यावर ‘31 मार्चपर्यंत ग्राह्य’ असं लिहिलेलं असतं. फेब्रुवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला जुलैत शिष्यवृत्ती भरताना मेलेला असतो. आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज, मग तहसीलदारांची डिजिटल सही. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. केंद्राबाहेर बसलेला कोणी स्टँपपेपर घ्यायला लावत असेल तर घेऊ नका. दहावी-बारावीचे निकाल लागले की तिथे रांग दारापर्यंत येते, म्हणून त्याआधीच, एप्रिलमध्ये. नॉन-क्रिमीलेअरवरही वैधतेची तारीख बघावी. त्याची उत्पन्न मर्यादा 8 लाख आहे.

आता महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचं राज्य सरकारचं पोर्टल. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडखळतात, आणि ती फॉर्ममध्ये नाही, बँकेत अडखळतात. आधार ‘लिंक’ असणं वेगळं, ‘सीडिंग’ असणं वेगळं. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं आधारशी लिंक झालं, एवढंच. शिष्यवृत्ती येते ती एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था) यादीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे तिथे. त्या यादीत एका आधारसमोर एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. मोबाइलवर पाच मिनिटांत खातं उघडायच्या जाहिराती येतात, त्यात संमतीची एक खूण आधीच केलेली असते. खातं उघडलं की यादीतली बँक बदलते. मग गावाकडच्या खात्याचं पासबुक महिनोन् महिने छापून आणलं तरी त्यात काही दिसत नाही. पैसे आलेले असतात, पण त्या विसरलेल्या खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून दिसते. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी एकदा आणि मंजुरी आल्यावर एकदा बघायची. बदल करायचा असेल तर शाखेत सीडिंगचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि भरताना पोच घ्यायची.

फॉर्म आपण भरला की तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाच्या. त्रुटी निघाली की परत आपल्याकडे येतो, आणि दुरुस्तीची मुदत ठरलेली असते. हे कळवायला कोणी घरी येत नाही. एसएमएस येतो तो फॉर्मवर दिलेल्या नंबरवर, आणि तो नंबर बरेचदा कॅफेवाल्याचा असतो. स्वतःचाच नंबर द्या आणि आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघा. त्रुटी म्हणजे बहुतेक वेळा किरकोळच गोष्ट असते: दाखल्याचा फोटो तिरका, बारकोडचा कोपरा कापलेला, किंवा शिक्षणात गॅप पडलेला असून गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम विद्यापीठाला भरायची असते. आलेला पैसा आपला समजून खर्च केला की परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी फी बाकी दिसते. असे प्रसंग चांगल्या घरच्या शहाण्या मुलांवरही येतात. दिवाळीत घरी अडचण असते, खात्यात पैसे दिसतात.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाने ठरवलेली रक्कम वर्षाला 43,000 रुपये: भोजन 25,000, निवास 12,000, निर्वाह 6,000. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. या सगळ्यांत हजेरीची अट असते, स्वाधारला ती 75 टक्के, आणि खोली भाड्याने घेतल्याचा पुरावा लागतो. घरमालक भाडेकरार करून द्यायला नाखूष असतात, कारण त्यांना घरपट्टीची भीती. खोली ठरवतानाच, डिपॉझिट हातात देण्यापूर्वी, करार मिळेल का ते विचारायचं. पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात. त्यावर जून-जुलैचा खर्च धरू नका.

विद्यापीठाच्या वसतिगृहाची यादी प्रवेश संपल्यावर लागते, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे कोणाच्या तरी खोलीत काढावे लागतात. यादीत नाव नसताना राहणाऱ्याला ‘पॅरासाइट’ म्हणतात. हा शब्द हिणवायचा नाही, इथे जवळजवळ हुद्दाच आहे. रेक्टर अचानक तपासणीला येतात तेव्हा दंड खोली ज्याच्या नावावर आहे त्याला होतो, हे पाहुण्याने लक्षात ठेवावं. नाव लागलं की रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र आधी ऑनलाइन भरावं लागतं, विद्यार्थ्याचं आणि पालकांचं. ईमेलवर नोंदणी क्रमांक येतो, तो वसतिगृहाच्या अर्जात टाकायचा. रॅगिंगच्या तक्रारीसाठीचा 24 तास चालणारा राष्ट्रीय मदत क्रमांक 1800-180-5522 आहे. अनामत, वैद्यकीय दाखला, आणि एकाच निगेटिव्हचे दहा फोटो; ओळखपत्र, ग्रंथालय, मेस, गेटपास करता करता ते संपतात. अनामतीची पावती गणवेशाच्या पावतीसारखी फेकू नका, दोन वर्षांनी तीच पैसे परत देते. खोलीत खाट, टेबल, खुर्ची असते, गादी नसते. खाट साधारण तीन बाय सहाची. घरची मोठी गादी आणली की कडेने लोंबते. गावातल्या पिंजाऱ्याकडून मापाने शिवून घेतलेली बरी पडते.

मेस हा खरा विषय. मोठ्या शहरात ठेकेदार असतो; इथे अजून बऱ्याच ठिकाणी मुलांचीच मेस चालते. दर महिन्याला दोन सेक्रेटरी, एक आचारी, पोळ्यांना दोन-तीन मावशी. हिशेब साधा आहे: महिन्याचा सगळा खर्च भागिले सगळ्यांची मिळून ताटं, गुणिले तुमची ताटं. समजा 90 मुलं आहेत. दिवसाला दोन ताटं धरली तर महिन्याची 5,400. त्यातून 600 खाडे वजा गेले, राहिली 4,800. खर्च 2,16,000 झाला तर ताट 45 रुपयांना पडलं. 52 ताटं जेवलेल्याचं बिल 2,340. खाडा म्हणजे न जेवलेल्या ताटाची सूट. ती आपोआप मिळत नाही. आदल्या संध्याकाळी वहीत तारीख घालून सही करावी लागते, आणि बहुतेक मेसमध्ये सलग काही दिवस गैरहजर असल्याशिवाय खाडा धरतच नाहीत. शनिवार-रविवार गावी जाऊन येणारा महिन्यात आठ ताटं सहज बुडवतो. वहीत सही नसेल तर 360 रुपये गेले.

दिवाळीच्या महिन्यात मात्र वेगळंच होतं, आणि नव्या सेक्रेटरीवर आळ येतो. आचाऱ्याचा, मावशींचा पगार मुलं कमी झाली म्हणून कमी होत नाही. वरच्याच उदाहरणात पगार आणि भाडं मिळून 60,000 ठरलेले धरा. उरलेले 1,56,000 किराणा, भाजी, गॅसचे, म्हणजे ताटामागे साडेबत्तीस रुपये. दिवाळीत ताटं 2,400 वर आली तर किराणा-भाजी-गॅसचा खर्च 78,000 होतो, पण 60,000 तिथेच. ताट साडेसत्तावन्नला जातं. सेक्रेटरीने पैसे खाल्लेले नसतात. ज्यांना हा हिशेब येतो ते मावशींना सुट्टीच्या महिन्यात आळीपाळीने रजा देतात आणि आचाऱ्याशी वर्षाचा करार करतानाच दिवाळी-उन्हाळ्याचा वेगळा दर ठरवतात.

सेक्रेटरी होणं टाळू नका. नव्वद जणांना एका वेळेला साधारण दहा किलो कणीक लागते, एका किलोत तीस-पस्तीस पोळ्या. पोळ्या कमी पडल्या तर आधी कणकेचं माप बघावं, मुलांची भूक मागाहून. बहुतेक वेळा डबा तळाशी असताना अंदाजाने घेतलेलं असतं. भाजी आठवडी बाजारात संध्याकाळी पाचनंतर स्वस्त होते. टोमॅटो, कोथिंबीर तेव्हा घ्यायची. बटाटे-कांदे सकाळीच निवडून घ्यावेत, संध्याकाळी तळाचे उरतात. गोडाच्या ताटाला पाहुण्यांची कुपनं आदल्या रात्रीच बंद करायची, नाहीतर शेवटच्या पंक्तीला श्रीखंड उरत नाही आणि ती पंक्ती नेहमी सीनिअर मुलांची असते.

अभ्यासाचं थोडक्यात. 2023-24 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आहे: सेमिस्टरला 22 क्रेडिट, वर्षाला 44, दोन वर्षांचे 88. पहिल्या वर्षाचे 44 पूर्ण झाले की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे किंवा क्षेत्र प्रकल्पाचे 4 क्रेडिट असतात. लहान गावात कंपन्या नसतात, म्हणून जागा डिसेंबरातच शोधायला लागा. साखर कारखान्याची प्रयोगशाळा, दूध संघ, माती परीक्षण केंद्र, नगरपरिषद, पतसंस्था यांना विभागप्रमुखांचं पत्र घेऊन भेटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. फेब्रुवारीत गेलात तर कारखान्याचा हंगाम संपत आलेला असतो आणि पतसंस्थेत मार्चअखेरची गडबड सुरू.

परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन भरला म्हणजे भरला असं समजू नये. पैसे कापले जातात, पावती निघते, आणि तरीही छापील प्रत विभागप्रमुखांच्या सहीने जमा केल्याशिवाय तो ‘इनवर्ड’ होत नाही. विषयांचे कोड एकेक करून ताडून बघा, विशेषतः ऐच्छिक विषयाचा. शेजारच्या ओळीवर टिचकी पडली तर हॉल तिकिटावर तुम्ही न शिकलेला पेपर येतो. पैसे भरताना इंटरनेट गेलं आणि खात्यातून रक्कम कापली तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दोन-तीन दिवसांत एक तर पावती निघते, नाहीतर पैसे परत येतात. अट एकच, फॉर्म शेवटच्या दिवशी भरायला घेतलेला नसावा. शेवटच्या तारखेनंतर विलंब शुल्क, त्यानंतर अतिविलंब शुल्क, आणि ते मूळ फीच्या कितीतरी पट होतं. विद्यापीठात दिलेल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. याला पोच म्हणतात. पोच मागितली की काही बाबू जरा चिडतात. चिडू द्यावं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2016 प्रमाणे शेवटच्या पेपरनंतर 30 दिवसांत, आणि फार तर 45 दिवसांत निकाल लागायला हवा. निकाल लागला की त्या दिवसापासून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागायची मुदत धावायला लागते, आणि निकाल बरेचदा रात्री लागतो. गुण अनपेक्षित कमी असतील तर थेट पुनर्मूल्यांकन मागू नका. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी घ्या. ती आली की पहिल्या पानावरच्या चौकटीतले गुण आतल्या गुणांशी एकेक करून जुळवा. मग पुरवण्या मोजा. पहिल्या पानावर लिहिलेला आकडा आणि हातात आलेल्या पानांची संख्या जुळली पाहिजे, कारण स्कॅन करताना पान सुटू शकतं. मग न तपासलेलं उत्तर शोधा. उत्तर दोन पानांत तुटलेलं असेल आणि मधे दुसराच प्रश्न सोडवलेला असेल तर मागचा तुकडा तपासायचा राहून जातो. प्रश्नाचा क्रमांक दुसऱ्यांदा ठळक न लिहिल्याची ती शिक्षा. बेरीज चुकली असेल किंवा उत्तर सुटलं असेल तर पडताळणीत काम होतं. उत्तर तपासलंय पण गुण कमी वाटतात, तेव्हाच पुनर्मूल्यांकन, तेही विषयाच्या सरांना प्रत दाखवून. सर म्हणाले ‘एवढेच बसतात’, तर पैसे वाचवा.

एक पेच राहतोच. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायच्या आत पुढच्या परीक्षेचा फॉर्म बंद होतो. आपण पास होणारच या भरवशावर त्या विषयाचा बॅकलॉगचा फॉर्म न भरणारे आमच्या डोळ्यांसमोर सहा महिने मागे पडलेत. फॉर्म भरून ठेवायचा. पुढे पास झालात तर त्या पेपरला बसायचं नाही, बस्स. फी सहसा परत मिळत नाही.

शेवटच्या सेमिस्टरनंतर ‘नो ड्यूज’चं कार्ड घेऊन ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, मेस, विभाग असं फिरावं लागतं. ग्रंथालयाची सही लवकर मिळते. प्रयोगशाळेत फुटलेल्या ब्युरेटचे पैसे निघतात. मेसची सही शेवटच्या महिन्याच्या सेक्रेटरीची लागते आणि तो शेवटचा पेपर झाल्या संध्याकाळच्या गाडीने गावी जातो, तेव्हा त्याला पेपरच्या आधीच गाठा. त्याच फेरीत मायग्रेशनचाही अर्ज टाकून या, पोच घेऊन.